डायनासोरकाळातल्या वनस्पतींचे संदर्भ शोधताना या चुका टाळा

डायनासोरांचे चित्र रंगवण्यासाठी ‘डायनासोरकाळातली झाडे’ असे टाकून शोधले की नेचे, सायकॅड (ताडासारखी दिसणारी, पण फुले न येणारी झाडे) आणि मागे ज्वालामुखी, हेच चित्र फिरून फिरून समोर येते. पण हा काळ एकसारखा नव्हता. स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस या दोन डायनासोरांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचे अंतर आहे. स्टेगोसॉरसच्या पायाशी फुलझाड काढणे चूक, तसेच टायरॅनोसॉरसभोवती नुसते सायकॅड काढणेही चूक; टायरॅनोसॉरस जिथे सापडतो त्या अमेरिकेतल्या हेल क्रीकच्या खडकांत मिळालेल्या पानांमध्ये सपुष्प वनस्पतींचाच भरणा आहे.

म्हणून प्राण्याच्या नावाने शोधूच नका. तो प्राणी कोणत्या खडकात, म्हणजे कोणत्या फॉर्मेशनमध्ये मिळाला ते आधी पाहा. स्टेगोसॉरससाठी ‘मॉरिसन’. मग त्या नावापुढे ‘फ्लोरा’ (वनस्पती), ‘मॅक्रोफ्लोरा’ (पान-खोडांसारखे डोळ्यांना दिसणारे अवशेष) किंवा ‘पॅलिनोलॉजी’ (परागकणांचा अभ्यास) जोडून गूगल स्कॉलरवर शोधा. जीवाश्मांच्या नोंदींच्या पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस या संकेतस्थळावर त्याच फॉर्मेशनची नोंद उघडली की वनस्पतींची यादी मिळू शकते. जुने, चित्रांनी भरलेले ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात.

यादी हातात आली की सगळ्यात मोठा घोळ होतो तो नावांचा. जीवाश्मांत अख्खे झाड क्वचितच मिळते. पान, खोड, फूल सुटे सापडते आणि प्रत्येकाला वेगळे नाव पडते. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतले उदाहरण बघा: पान ‘टिलोफायलम’, खोड ‘बकलँडिया’, फुलासारखा भाग ‘विल्यमसोनिया’. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३२ मध्ये हे भाग जुळवून एकच झाड उभे केले. यादीतली तीन नावे म्हणजे तीन झाडे, असे धरले तर आपले जंगल उगाच दाट होते. नावाआधी ‘सीएफ.’ दिसले तर ओळख पक्की नाही, फक्त साम्य आहे, असे समजा. एकोणिसाव्या शतकातल्या याद्यांत फायकस (वड-पिंपळाचा गट), पॉप्युलस (पॉपलर) यांसारखी आजच्या झाडांची नावे निव्वळ पानाच्या आकारावरून दिलेली असत. त्यातली बरीच पुढे बदलली, म्हणून नवा शोधनिबंध पाहिल्याशिवाय ती उचलू नका.

हेच टिलोफायलमचे पान सायकॅडचे म्हणूनही खपते. ते आहे बेनेटायटेलीझ या नामशेष गटातले. दोन्ही पाने पिसासारखी, डोळ्यांना फरक कळतच नाही. तो कळतो पानावरच्या मेणचट आवरणात, पर्णरंध्रांच्या ठेवणीत. त्यामुळे नुसत्या फोटोवरून गट ठरवू नका, आवरण तपासले होते का ते निबंधात पाहा.

खवल्याखवल्यांच्या खोडाचा लेपिडोडेंड्रॉन कोळसायुगातला, डायनासोरांच्या कितीतरी आधीचा. ग्लोसोप्टेरिस हे झाड पर्मियनमधले, म्हणजे तेही डायनासोरांच्या आधीच्या युगातले. दोन्ही या चित्रांत सर्रास घुसतात.

गवताचे मात्र जपून. ‘तेव्हा गवत नव्हतेच’ हे आता म्हणता येत नाही: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते क्रेटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगाच्या अखेरचे, आणि त्यावरून कुरणे होती असे सिद्ध होत नाही.

आपल्या फॉर्मेशनमध्ये पाने मिळालीच नसतील तर परागकणांच्या याद्या पाहा. फक्त लक्षात असू द्या, पराग वाऱ्याने लांबून येतो. नाजूक, न फाटलेले पान बहुधा जवळच्याच झाडाचे असते. सूचिपर्णीचा पराग दूरच्या डोंगरावरचाही असू शकतो. नदीकाठचे चित्र काढायचे असेल तर पानांची यादी पुढे ठेवा, पराग मागच्या टेकड्यांसाठी वापरा.