गोळी उडाली नाही, तर बोल्टवरचा हात आवरा

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्या कोल्हापुरात पॉइंट टू-टू रायफल धरायला आलेली पोरं वाढली. नेम, श्वास, ट्रिगर मी नंतर शिकवते. आधी शिकवते, ते ट्रिगर दाबूनही गोळी उडाली नाही तर काय करायचं.

नुसतं ‘टिक’ झालं, की नवं पोरगं रायफलसकट मागं वळतं, “मॅडम, उडंना झालीया!” नळी तेवढ्यात शेजारच्या लेनवरून फिरलेली असते. म्हणून पहिली गोष्ट: नळी टार्गेटकडेच. बोट ट्रिगरवरून बाहेर, बोल्टला, म्हणजे गोळी भरायच्या-काढायच्या मागच्या दांड्याला, हात नाही. किमान ३० सेकंद थांबायचं. मी ६० मोजायला लावते. गोळीतली दारू कधीकधी उशिरा पेटते, त्याला हँगफायर म्हणतात. उशीर बहुधा क्षणाचाच असतो, पण त्याच क्षणी बोल्ट उघडला तर केस, म्हणजे गोळीचं पितळी कवच, चेंबरबाहेर (नळीतल्या गोळी बसायच्या जागेबाहेर) फुटते आणि पितळेचे तुकडे तोंडावर येतात. मॅचची वेळ जात असेल तर जाऊ द्या. मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा.

मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट सावकाश उघडा, गोळी काढा आणि तिची कड उजेडात बघा. टू-टूमध्ये ठिणगीचा मसाला केसच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत असतो. त्या कडेवर आपटणाऱ्या पिनची खूण स्पष्ट, खोल असेल तर बहुधा त्या जागी मसालाच कमी पडलेला असतो. पुसट असेल तर रायफल तपासा: बोल्ट पुरता बसला नव्हता, चेंबरमध्ये गोळ्यांवरचं मेण साचलं, किंवा पिन झिजली. काही जण तीच गोळी फिरवून पुन्हा मारतात. शिकणाऱ्यांना मी ते करू देत नाही. अशी गोळी खिशात नको, कचऱ्यात तर नकोच. वेगळ्या डब्यात ठेवून आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्या. चेंबरमध्ये जिवंत गोळी अडकली, तर पुढून रॉड घालून ठोकू नका.

खरी भीती मला त्या ‘टिक’ची नाही, ‘फुस्’ची आहे. एकदा सरावात माझ्या एका विद्यार्थ्याच्या रायफलीतून असाच दबका आवाज आला, धक्का जवळजवळ नाहीच. सवयीनं त्याचा हात बोल्टवर गेला, पुढची गोळी आत जाणार एवढ्यात मी “स्टॉप!” म्हणून ओरडले. रिकामी केस निघाली, तिच्यासोबत न जळलेल्या दारूचे कण. बोल्ट काढून मागून बघितलं तर नळीत उजेडाचा ठिपका नव्हता. शिसं आतच अडकलं होतं. याला स्क्विब म्हणतात. त्याच्यावर दुसरी गोळी झाडली असती, तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. आर्मररनं चेंबर रिकामं असल्याची खात्री करून रॉडनं ते शिसं ढकलून काढलं. त्यावर नळीच्या आतल्या पिळदार आट्यांचे तिरके चरे उठले होते.

म्हणून आवाज कमी वाटला, टार्गेटवर भोक दिसेना, की लगेच थांबा. बोल्ट काढा, मागच्या बाजूनं नळीतून उजेड बघा. गोल, पूर्ण उजेड दिसल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही.