लॉबीत दिव्यांग कलाकारांची चित्रं लावताय? या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की सोलापुरातल्या कॉम्प्लेक्समधल्या ऑफिसांना, बँकांना, हॉस्पिटलांना एकदम आठवतं: ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आहे, काहीतरी करायला हवं. मग आठ दिवसांत पंधरा चित्रं गोळा होतात, सुतार येतो, बुके येतात, फोटो निघतात. पुढच्या जूनमध्ये तीच चित्रं पाहायला जा. तीन वाकडी झालेली, दोन फिक्कट पडलेली आणि एक स्टोअररूममध्ये झाडूमागे. हेतू चांगला होता, मान्य. पण चित्र भिंतीवर टिकायला स्क्रू लागतो.

डिसेंबरच्या उन्हावर भिंत ठरवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि जवळपास प्रत्येक जण करतो. चित्रं लावायची डिसेंबरात, म्हणून भिंतही डिसेंबरातच पाहिली जाते. तेव्हा संध्याकाळी पाचला लॉबीत छान सावली असते. पण सोलापुरात डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. दोन्हींत जवळजवळ ५० अंशांचा फरक. थंडीत जी भिंत सुरक्षित होती, तिच्यावर वैशाखात दुपारी साडेतीनपासून काचेतून थेट ऊन येतं.

दुसरा गैरसमज पुस्तकी आहे. ‘उत्तरेचा उजेड चित्रांना चांगला’ हे वाक्य थंड देशांतून आलंय. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे साधारण १२ मे ते १ ऑगस्ट या काळात भर दुपारचा सूर्यही उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे पारा ४२ च्या वर जातो त्याच दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत शिरतं.

मग काय होतं? जलरंग, स्केचपेनची चित्रं, रंगीत धाग्याचं भरतकाम, नैसर्गिक रंगांत रंगवलेलं कापड उन्हानं उडतं. ॲक्रिलिकचं दुखणं वेगळं. तो रंग मुळात प्लॅस्टिकच्या जातीचा, उष्णतेनं मऊ होतो आणि किंचित चिकट बनतो. त्यावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसते आणि यंत्रमागाच्या भागात असाल तर कापसाचे बारीक तंतूही. एकदा ती रुतली की पुसून निघत नाही. मग हाउसकीपिंगवाला काच पुसायचं निळं पाणी फवारून ओल्या फडक्यानं घासतो आणि चित्राचा वरचा थर फडक्यावर येतो. त्याला दोष देऊ नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

इलाज स्वस्त आहे. पतंगाच्या गुलाबी कागदाची वीतभर पट्टी घ्या, अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि ठरवलेल्या भिंतीवर एप्रिलमध्ये तीन आठवडे ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन भागांत फरक दिसला, तर ती भिंत चित्राची नाही, तिथे कुंडी ठेवा. कागदावरच्या आणि कापडावरच्या कामाला ५० लक्स उजेड पुरतो, ॲक्रिलिक किंवा तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. लक्स मोजायला मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक. दिवे एलईडी, ३००० केल्विनचे (म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा असलेले घ्या. छतातून साधारण ३० अंशांच्या तिरप्या कोनात मारा, म्हणजे काचेवर दिव्याचा गोळा दिसत नाही. काचेच्या दर्शनी भागाला यूव्ही फिल्म लावली तर उत्तम, पण फिल्म म्हणजे सावली नव्हे. फिक्कट पडणं लांबतं, थांबत नाही.

आणि हो, ओव्हरहेड टाकीच्या किंवा बाथरूमच्या पाठची भिंत नको. आज कोरडी दिसते म्हणून फसू नका, ओल पावसाळ्यातच दिसते.

डबल टेप

नको. मे महिन्यात चिकट मऊ होतो, हे एक कारण. खरं कारण पुट्टी. टेप पुट्टीला घट्ट धरून ठेवते आणि पुट्टी भिंत सोडते. चित्र पडतं ते पाठीवर पापुद्रा घेऊनच. ‘तात्पुरतं लावलंय’ म्हणणाऱ्यांची तात्पुरती चित्रं तीन-तीन वर्षं टेपवर असतात.

विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा प्लग आणि निदान ४० मिलिमीटरचा स्क्रू. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग फिरत राहतो; या ब्लॉकसाठी लांब नायलॉन प्लग वेगळे मिळतात, तेच वापरा. जिप्सम पार्टिशनमध्ये आतली पत्र्याची उभी पट्टी चुंबकानं शोधा आणि स्क्रू तिच्यातच घाला. पट्टी हव्या त्या जागी नसेल तर १२ मिलिमीटरची प्लायची पट्टी दोन उभ्या पट्ट्यांवर आडवी मारून तिच्यावर चित्र टांगा. प्रत्येक चित्राला दोन हुक. एका हुकावर टांगलेलं चित्र दरवाजा आपटला की फिरतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे मागून हवा खेळते.

कलाकाराला पायऱ्यांखाली ठेवणं

हे नाट्य दर वर्षी कुठे ना कुठे होतं, त्यामुळे एका इमारतीचं नाव घेण्यात अर्थ नाही. चित्रं पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. गटारावरून प्रवेशाला तीन पायऱ्या. लिफ्ट आहे, पण तिच्यासमोर रिसेप्शनचं टेबल आणि कटआउट. ज्यांची चित्रं लावली त्या कलाकार व्हीलचेअरवरून येतात. चार वॉचमन खुर्ची उचलतात, कुणी व्हिडिओ काढतो, पाहुणे टाळ्या वाजवतात. स्वतःच्या प्रदर्शनात त्या सामानासारख्या वर पोहोचतात आणि संध्याकाळभर पाणी पीत नाहीत, कारण टॉयलेटचा दरवाजा ६० सेंटिमीटरचा आहे हे त्यांनी आल्याआल्या पाहिलेलं असतं.

सुतार मग म्हणतो, ‘साहेब, फळी टाकतो.’ हिशोब करू. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. उतार १ ला १२ हवा, म्हणजे रॅम्पची लांबी ५.४ मीटर, आणि वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. सुताराची फळी असते दीड मीटरची. तिचा उतार जवळपास १ ला ३. त्यावरून खुर्ची चढत नाही, उलटते. साडेपाच मीटर सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवा, दोन्ही बाजूंना कठडा द्या. तेही जमत नसेल तर कार्यक्रम तळमजल्यावर, पार्किंगमध्ये मांडव घालून करा. लग्नाला घालतोच की आपण.

जागा ठरवायला आठवडाभर आधी कलाकारालाच बोलवा. दरवाजे ९० सेंटिमीटर मोकळे आहेत का, खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ मिळतं का, चित्राखाली सोफा तर नाही ना, हे तिथल्या तिथे कळतं. कर्णबधिर कलाकार असतील तर भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीपासून ठरवा. ‘भाऊ आहे बरोबर, तो सांगेल’ हे चालत नाही. भाऊ स्वतःचं मत सांगतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर घ्या. उभ्या माणसासाठी १४५ ते १५० हा नेहमीचा हिशोब, पण खुर्चीत बसलेल्याचे डोळे ११० ते १२५ वर असतात. एकावर एक तीन ओळींत चित्रं लावायचा हट्ट सोडा. शिल्प किंवा उठावाचं काम भिंतीपासून १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे येत असेल आणि त्याची खालची कड ७० सेंटिमीटरच्या वर असेल, तर पांढरी काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटतं. अंध कलाकाराचं शिल्प अंध पाहुण्याच्याच डोक्याला लागावं, यापेक्षा वाईट ते काय? खाली जमिनीपर्यंत चौथरा द्या.

पाटीवर आधी अपंगत्व, मग चित्र

‘जन्मतः दोन्ही हात नसूनही जिद्दीनं...’ इथपर्यंत वाचून माणूस चित्राकडे न पाहता पुढे जातो. त्याला गहिवरून आलेलं असतं, त्याचं काम झालेलं असतं.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या इमारतीवर भाजलेल्या मातीच्या फरशांचं मोठं भित्तिशिल्प आहे, सतीश गुजराल यांचं. लहानपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली होती. बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर गेली आणि त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रं केली, शांतिनिकेतनात फरशांचं भित्तिचित्र केलं. यांच्याकडे लोक आधी कलाकार म्हणून पाहतात. तुमच्या लॉबीतल्या मुलीला तेवढंच द्या: नाव, चित्राचं शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, किंमत. अपंगत्वाचा उल्लेख हवा की नको, हवा तर कोणत्या शब्दांत, हे तिला विचारा. कुणाला ‘दिव्यांग’ चालतं, कुणाला ‘अपंग’ हाच शब्द सरळ वाटतो.

पाटीचं अक्षर निदान २४ पॉइंटचं, फिक्या कागदावर काळं, लॅमिनेशनची चमक नको. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं भरपूर. तिन्ही भाषांत मिनिटभराचं बोलकं वर्णन रेकॉर्ड करून क्यूआर कोडला जोडा. कोड ११० सेंटिमीटर उंचीवर लावा आणि त्याच्या कडेला बोटांना लागेल अशी उठावाची चौकट द्या, नाहीतर ज्याच्यासाठी तो लावला त्यालाच तो सापडत नाही. ब्रेल पाटी छापून घेतलीत तर लावण्याआधी ब्रेल वाचणाऱ्याकडून तपासा. उलट्या लावलेल्या ब्रेल पाट्या ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

शाल, श्रीफळ आणि फुकट चित्र

‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य सुताराला किंवा इलेक्ट्रिशियनला म्हणून पाहा. विकत घेत नसाल तर महिन्याचं भाडं ठरवा, वाहतूक आणि फ्रेमिंग तुमच्याकडून, नुकसान झालं तर किती देणार हा आकडा आधी कागदावर. पैसे कलाकाराच्या स्वतःच्या खात्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं मालमत्ता आणि आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा समान हक्क दिलाय. संस्थेमार्फत चित्र आलं तरी कलाकाराला किती मिळणार ते विचारा. अंध कलाकाराला करारनाम्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचेल अशी फाइल द्या.

चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचं दिवाळीचं कॅलेंडर, पिशवी किंवा चादरीवरचं डिझाइन करायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे तो हक्क लेखीच घ्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं.

रिनोव्हेशनच्या वेळी तर ठेकेदाराच्या हाती चित्रं देऊच नका. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ते त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तिथे तर समोर केंद्र सरकार होतं.

थोडक्यात सांगण्यासारखं

सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) खर्च दाखवायचा तर चित्रं घेण्याआधी सीएला विचारा. स्वतःच्या जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व त्यात बसत नाही.

स्पर्शाची कलाकृती काचेत ठेवू नका आणि तिच्याजवळ ‘हात लावू नये’ची पाटीही नको. शेजारी सॅनिटायझर ठेवा, पण हात कोरडे झाल्यावरच स्पर्श करायला सांगा. स्पिरिटनं रंग सुटतो.

एसी रात्री बंद आणि सकाळी १८ वर, असं रोज झालं की कॅनव्हास ढिला-ताठ होत राहतो. २५-२६ वर स्थिर ठेवा, बिलही कमी येईल.

हाउसकीपिंगच्या खोलीत एक कागद चिकटवा: चित्राला पाणी नाही, फिनेल नाही, फवारा नाही. महिन्यातून एकदा कोरडा मऊ ब्रश, वरून खाली, तोही फक्त फ्रेमवर आणि काचेवर. उघड्या कॅनव्हासला हात लावायचा नाही, कलाकाराला फोन करायचा. नंबर त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण डिसेंबरात नंबर घेणारा मॅनेजर जूनपर्यंत बदललेला असतो.