स्क्रिप्टला नाव सापडत नाही? या चुका टाळा

समोर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या लेयर पॅनेलमध्ये ‘कऱ्हाडकर’ दिसतंय, एक्सेलच्या यादीतही ‘कऱ्हाडकर’च आहे, आणि स्क्रिप्ट (कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणते असं नावच नाही. एका स्मरणिकेच्या कामात याच्यापायी माझी अख्खी रात्र गेली. इनडिझाइनमध्ये फोटोच्या प्रत्येक चौकटीला सभासदाचं नाव दिलं होतं. स्क्रिप्टने यादीतलं नाव वाचायचं आणि त्या चौकटीत फोटो टाकायचा, एवढंच काम. बाकी सगळे फोटो बसले. गोऱ्हे, कऱ्हाडकर आणि बऱ्हाटे तेवढे रिकामे राहिले. तिन्हींत ‘ऱ्ह’ आहे हे लक्षात यायला पहाट झाली.

दिसतं तेच लिहिलंय असं समजणं

मराठीतली ही सगळ्यात मोठी चूक. ‘कऱ्हाड’ तीन तऱ्हांनी टाइप होतो. एकात स्वतंत्र ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ०९३१) आणि हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. हीच आजची योग्य पद्धत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. तिसऱ्यात साधा र, खाली नुक्ता (टिंब), मग हलंत. छापून तिन्ही सारखेच दिसतात. स्क्रिप्टमध्ये शब्दाची लांबी विचारली तर पहिला ६ सांगतो, उरलेले दोन ७. आणि त्या दोघांचंही आपसात जुळत नाही, कारण आतली अक्षरं वेगळी आहेत.

इलाज म्हणजे तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंची नावं एकाच फंक्शनमधून गाळून घ्यायची. पण क्रम चुकवू नका. बरेच जण आधी न दिसणारे जोडक सरसकट उडवतात. तसं केलं की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाकी व गुरू एकच ठरतात. म्हणून आधी ‘र + हलंत + जोडक’ आणि ‘र + नुक्ता + हलंत’ या दोन्हींच्या जागी ‘ऱ + हलंत’ ठेवा, त्यानंतरच उरलेले जोडक काढा. हे गाळलेलं रूप फक्त तुलनेपुरतं वापरा. छापायला जाणारं नाव माणसाने जसं दिलंय तसंच राहू द्या.

ॲडोबीच्या नव्या यूएक्सपी पद्धतीच्या स्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइझ हे अक्षरांची रूपं एकसारखी करणारं तयार फंक्शन आहे, ते नुक्त्याचा प्रश्न सोडवतं. जोडकाचा सोडवत नाही. जुन्या एक्सटेंडस्क्रिप्ट पद्धतीत तर ते नाहीच, तिथे बदल हातानेच लिहावे लागतात.

‘ॲड.’चंही तेच. ॲ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींत अ वर चंद्र देऊन लिहिलेलं सापडतं, कुठे हिंदी कीबोर्डवरचं ऍ. नॉर्मलाइझ यांना एक मानत नाही. वकिलांची यादी हाती आली की मी हा बदल आधी लिहून ठेवतो.

कंस आणि टिंब तसेच ग्रेपमध्ये टाकणं

‘पाटील (धाकटे)’ हे नाव ग्रेप शोधात (नमुना देऊन शोधायच्या सोयीत) जसंच्या तसं दिलं तर ते कधीच सापडणार नाही. ग्रेपला कंस म्हणजे गट. ते कंसांशिवायचं ‘पाटील धाकटे’ शोधत बसतं. टिंबाचं उलट. ग्रेपमध्ये टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यामुळे ‘स.गो.’ शोधताना भलतंच हाती लागतं. अशा प्रत्येक चिन्हाआधी \ लावा, आणि स्क्रिप्टच्या अवतरणात तेच \\ असं दुहेरी लिहा, नाहीतर एक \ जावास्क्रिप्टच गिळते. साध्या मजकूर शोधात ^ हे खास चिन्ह आहे, तिथे ते ^^ असं लिहायचं. मुळात चौकट किंवा स्टाइल नावानेच शोधायची असेल तर ग्रेपची गरज नाही, नावाने वस्तू देणारं आयटमबायनेम वापरा. मात्र नाव नसलं तरी ते मुकाट्याने काहीतरी परत करतं, म्हणून इजव्हॅलिड (वस्तू खरंच आहे का) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओळखपत्रांच्या कामात चौकटींची नावं नुसते हजेरी क्रमांक असतात. तिथे आयटम("12") म्हणजे १२ नावाची चौकट, पण अवतरणाशिवाय आयटम(12) म्हणजे शून्यापासून मोजून तेरावी. फोटो बसतो, चूक कळत नाही, आणि एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा चेहरा जातो. रिकाम्या चौकटीपेक्षा हे कितीतरी वाईट.

पॅनेलमधला कंस नावाचा भाग समजणं

इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये <पाथ> किंवा <ग्रुप> दिसतं ते नाव नव्हे. त्या वस्तूचं नाव रिकामं असतं. आधी नाव द्या, मग शोधा. इथे नावाने शोधणाऱ्या गेटबायनेमला नाव सापडलं नाही की थेट एरर येते, तेव्हा एरर झेलणारं ट्राय-कॅच हवंच. इनडिझाइनच्या मूळ स्टाइलींचे चौकोनी कंस मात्र खरोखर नावाचाच भाग आहेत, ते गाळू नका.

फाइलचं नाव उघड्या डोळ्यांनी वाचणं

एक्सटेंडस्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव मागितलं की ते सांकेतिक रूपात येतं. मोकळ्या जागेचं %20 होतं, आणि एकट्या ‘क’ची नऊ चिन्हं: %E0%A4%95. ते उलगडणारं डीकोडयूआरआय लावूनच तुलना करा. त्यानंतरही वरची गाळणी लावा, कारण मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फाइलनावात ऱ फुटून र आणि नुक्ता झालेला असतो. यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उघडण्याआधी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठरवून द्या, आणि एक्सेलमधून साठवतानाही यूटीएफ-८ चाच पर्याय निवडा.

आता माझी प्रत्येक स्क्रिप्ट शेवटी न सापडलेल्या नावांची वेगळी फाइल लिहिते. नाव, त्याची लांबी, आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक. ती फाइल रिकामी आली की मगच पीडीएफ छापखान्यात जातं.