लिनक्सवर गेम खेळताय? आधी या चुका टाळा

'लिनक्सवर गेम चालत नाहीत' हे वाक्य आता शिळं झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम या गेमच्या दुकानात विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारा, हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात आला, आणि आज विंडोजसाठी बनलेले, एकट्याने खेळायचे बहुतेक गेम 'प्ले' दाबलं की सुरू होतात. तरी नव्या मंडळींच्या तक्रारी त्याच त्या येत राहतात. खोदून बघितलं की गेममध्ये सहसा काही सापडत नाही. घोळ आधीच झालेला असतो: डिस्कवर, ड्रायव्हरमध्ये, नाहीतर कुठून तरी उचलून चिकटवलेल्या एखाद्या ओळीत.

विंडोजच्या डी ड्राइव्हवरून गेम चालवणं

या चुकीचा मला मनापासून वैताग आहे, कारण माणसं तिच्यापायी चांगली सिस्टीम पुसून टाकतात.

दिवाळीत भाचा साताऱ्याहून लॅपटॉप घेऊन आला. "मामा, प्ले दाबलं की बटणावर स्टॉप येतं आणि लगेच परत प्ले. एरर नाही, काही नाही." त्याने तोवर प्रोटॉनच्या सगळ्या आवृत्त्या बदलून पाहिल्या होत्या. मग लिनक्सचा प्रकारच, म्हणजे डिस्ट्रो बदलली: मिंट काढून फेडोरा टाकलं, फेडोरा काढून आणखी काहीतरी. गेम मात्र तिन्ही वेळा एकाच ठिकाणी होता: डिस्कच्या विंडोजवाल्या भागात, एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनवर. हॉस्टेलच्या वायफायवर शंभर जीबी उतरवलेले, घरी मोबाइल डेटावर ते पुन्हा कोण ओढणार? म्हणून त्याने तोच फोल्डर स्टीमला लायब्ररी म्हणून दाखवला. त्याचं कारण मला पटतं, पण उपाय चुकला.

होतं काय, तर प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरात छोट्या विंडोजचा संसार मांडतं. त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा नावांच्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) असतात, आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. ड्राइव्ह लिनक्सला कोणत्या पर्यायांनी जोडला (माउंट झाला) आहे त्यावर पुढचं ठरतं. कधी लिनक्स ती नावं लिहूच देत नाही, मग प्रीफिक्स अर्धवट राहतो आणि गेम मुकाट बंद होतो. कधी ती लिहिली जातात, आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं की तिथलं चेकडिस्क त्यांना बिघाड समजून साफसफाई करायला घेतं. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आणखी भर. शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद झालेलं नसतं, त्यामुळे लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं. जिथे लिहिताच येत नाही तिथे प्रीफिक्स कसा तयार होणार?

भाच्याच्या लॅपटॉपवर मी जे केलं तेच सगळीकडे करतो. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीच्या पार्टिशनवर स्टीमची नवी लायब्ररी केली, जुन्या लायब्ररीच्या 'कॉमन' फोल्डरातून गेमचा फोल्डर नव्या 'कॉमन'मध्ये कॉपी केला, आणि मग इन्स्टॉल म्हटलं. फोल्डरचं नाव जसंच्या तसं असलं की स्टीम आधीच्या फाइल तपासतं आणि कमी पडेल तेवढंच डाउनलोड करतं. शंभर जीबी पुन्हा ओढावे लागले नाहीत आणि गेम पहिल्या फटक्यात सुरू झाला. तिन्ही डिस्ट्रो निर्दोष होती.

फक्त कॉम्पॅटडेटा लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवून तिकडे सिमलिंक करायची, असा एक मधला मार्ग आहे. तो चालतो. पण विंडोजने ड्राइव्ह अर्धवट सोडला की तुम्ही परत तिथेच, म्हणून मी तो कुणाला सुचवत नाही. जागा नसेल तर पार्टिशन लहान-मोठं करायला एक संध्याकाळ द्या. बाहेरची डिस्क लावणार असाल तर तीही ईएक्सटी४ करा. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर सिमलिंकच नसतात.

लाँच ऑप्शनमध्ये दुसऱ्याच्या ओळी चिकटवणं

कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो हे खेळणारेच जिथे नोंदवतात ती प्रोटॉनडीबी ही फार उपयोगाची साइट आहे. गेम विकत घेण्याआधी मी तिथे बघतोच. पण लोक गेम एकदाही न चालवता तिथली सगळ्यात लांब ओळ उचलतात आणि लाँच ऑप्शनमध्ये, म्हणजे गेम सुरू करतानाच्या सूचनांच्या रकान्यात टाकून मोकळे होतात. ओळ कधी लिहिली, कोणत्या ग्राफिक्स कार्डासाठी, कोणत्या ड्रायव्हरवर, हे कुणी वाचत नाही. प्रत्येक नोंदीला तारीख असते. ती बघा.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं नवंकोरं कार्ड रडतखडत सेकंदाला पंचवीस फ्रेम देत होतं. लाँच ऑप्शन उघडले तर पाच-सहा पर्याय एकापुढे एक, त्यात वाइनडीथ्रीडी वापरायला सांगणारा एक. म्हणजे विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्सच्या भाषेचं व्हल्कन या नव्या भाषेत भाषांतर करणारं डीएक्सव्हीके त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, आणि सगळं काम जुन्या ओपनजीएलच्या वाटेने चाललं होतं. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जुन्या कार्डावर तो पर्याय गरजेचा असेल. इथे नव्हता. अख्खी ओळ पुसली, गेम व्यवस्थित पळायला लागला.

माझा क्रम ठरलेला आहे. लाँच ऑप्शन कोरे आणि स्टीम स्वतः निवडेल ते प्रोटॉन. नाही चाललं तर प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल. मग जीई-प्रोटॉन ही व्हॉल्व्हबाहेर बनलेली आवृत्ती, तीही प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून. त्यानंतरच एखादा पर्याय, आणि एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. पर्याय टाकलाच तर शेवटी टक्केचिन्हांमधला 'कमांड' हा शब्द हवा. तो विसरलात तर स्टीम तुमची ओळ गेमच्याच गळ्यात घालतं आणि पर्याय लागूच होत नाही. इतकं करूनही अडलं तर प्रोटॉनचा लॉग चालू करा. होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची फाइल तयार होते. ती वाचायचा कंटाळा करू नका, उत्तर बहुधा तिथेच असतं.

एक अपवाद सांगायला हवा, कारण आपल्याकडे जुन्या पीसींत ही कार्डं अजून भरपूर आहेत. एनव्हिडियाचं जीटी ७१० किंवा केपलर पिढीचं जीटी ७३० असेल तर प्रोटॉन ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर डोकं फोडू नका. त्यांना व्हल्कन १.३ लागतं, आणि या कार्डांचा शेवटचा ४७० ड्रायव्हर १.२ वरच थांबतो. प्रोटॉन ७ निवडा. जीटी ७३० च्या काही आवृत्त्या त्याहून जुन्या फर्मी चिपच्या आहेत, त्यांना व्हल्कनच नाही. तिथे कोणतीही ओळ चिकटवून उपयोग नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर साइटवरून उतरवणं

विंडोजची सवय. लिनक्सवर ड्रायव्हर डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्या. साइटवरची फाइल हाताने टाकलीत तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पुढचा अपडेट येतो आणि स्क्रीन काळी पडते.

सिक्युअर बूट (ओळख नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारतात आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत लोक 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग किल्ली नोंदवली जात नाही, ड्रायव्हर लोड होत नाही, आणि पुढचे आठ दिवस 'लिनक्स स्लो आहे' म्हणून तक्रारी. खेळताना स्क्रीनवर फ्रेमचे आकडे दाखवणारं मँगोहड लावा, त्यात कार्डाचं नाव दाखवायचं चालू करा आणि ते वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर तुमचा प्रोसेसर एकटाच चित्रं काढतोय. लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील आणि इंटेलचं नाव दिसलं तर गेम चुकीच्या चिपवर चाललाय.

स्क्रीनवरचा मजकूर न वाचण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे यूट्यूबवर तंत्रज्ञानाचे व्हिडिओ करणाऱ्या लायनस सेबॅस्टियनचा नोव्हेंबर २०२१ चा व्हिडिओ. पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम टाकताना पॅकेजमध्ये खरोखरच चूक होती, पण टर्मिनलने धोक्याचा स्पष्ट इशाराही दिला होता. त्याने 'येस, डू ॲज आय से' टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप निघून गेला. इतका अनुभवी माणूस चुकतो, तर नवख्याने तिथे थांबून वाचायलाच हवं.

अँटी-चीटशी झटापट

ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या अँटी-चीट सॉफ्टवेअरपुढे उपाय नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नका. व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजेंड्स आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स चालायचा. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सचा प्रवेश बंद केला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांना २०२१ पासून प्रोटॉनवर चालता येतं, पण परवानगी गेमच्या कंपनीने द्यावी लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये लपूनछपून खेळलात तर खातं जाऊ शकतं. मित्रांबरोबर रोज यातलंच काही खेळत असाल तर विंडोज ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

थोडक्यात आणखी काही

स्टीम कधीही सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने चालवू नका. फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि मग साधा अपडेटही अडतो.

उबुंटूवर स्टीमचं स्नॅप पॅकेज टाळा, डेब पॅकेज घ्या.

'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' दिसलं की लगेच 'स्किप' दाबू नका. चहा करून या. मधेमधे गेम अडखळतो म्हणून ओरडणारे पुष्कळजण हेच बटण दाबून आलेले असतात.

मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल) टाकताना फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा, लिनक्सला ती वेगळी नावं वाटतात.

आणि 'प्रीफिक्स उडवा, सगळं ठीक होतं' हा सल्ला ऐकण्याआधी गेम सेव्ह कुठे होतो ते पाहा. स्टीम क्लाउड नसलेल्या गेमचे सेव्ह बहुधा त्याच प्रीफिक्समध्ये, 'स्टीमयूजर'च्या फोल्डरात असतात. तो फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच डिलीट दाबा.