देशी आणि परक्या माशांची तुलना करताय? या चुका टाळा

उजनीची परकी चिलापी (तिलापिया) आणि आपला भीमेचा देशी तांबीर यांची वाढ आणि प्रजनन ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या माझ्याकडे दरवर्षी येतात. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती अंडी मोजणे. एका मुलाने जुलैत बाजारातून दोन्हींच्या माद्या आणल्या. तांबीरच्या पोटात लाखाच्या घरात अंडी, चिलापीच्या पोटात काहीशे. लगेच निष्कर्ष: देशी मासा जास्त वाढणार, चिलापीची भीती नाही! मी वही परत केली. तांबीर पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी सोडतो आणि निघून जातो, त्यांतली बहुतेक मरतात. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लेही काही दिवस तोंडात सांभाळते, आणि पाणी उबदार असेल तर महिना-दीड महिन्यात पुन्हा अंड्यावर येते. हिशेब वर्षभराचा मांडायला हवा.

त्याचे म्हणणे, माद्यांची तोंडे तर रिकामी होती. रिकामीच असणार! जाळ्यात सापडलेली मादी तोंडातली अंडी टाकून देते. मग पहाटे एका भोईदादांच्या होडीतून गेलो आणि जाळे वर येताना खाली बादली धरली. मोहरीपेक्षा थोडी मोठी, पिवळसर अंडी बादलीत पडली तेव्हा त्याला पटले. तेव्हापासून बाजारातल्या माशावर प्रजननाचा अभ्यास मी मान्य करत नाही. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर दुसरा विषय घ्यावा.

दुसरी चूक नर-मादी एकत्र मोजण्याची. चिलापीचा नर झपाट्याने वाढतो. मादी अंडी सांभाळताना जवळपास उपाशी असते, म्हणून मागे पडते. दोघांची सरासरी काढली तर ती कोणाचीच नसते. मी प्रत्येक मासा चिरून आत पाहतो, मगच वजन कोणत्या रकान्यात लिहायचे ते ठरवतो. आणि लहान दिसते म्हणून तिला पिल्लू समजू नका. दाटी झाली की ती १० सेंटिमीटरच्या आतही अंड्यावर येते.

रोहू-कटला इथले देशी धरू नका. ते गंगेकडचे, कृष्णा-भीमेत माणसाने सोडलेले.

लांबी शेपटीच्या टोकापर्यंत की बुडापर्यंत, हे पहिल्या दिवशी ठरवा.

एकाच मापाच्या जाळ्यात एकाच मापाचे मासे येतात. त्यावरून वाढ काढू नका.

टोपलीत मोझांबिक आणि नाईल, दोन्ही चिलापी असू शकतात. शेपटीवर उभे पट्टे असतील तर ती नाईल.