कमी खर्चात हॅम रिपीटर: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

2019 च्या महापुरात कोल्हापूरला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, 2021 ला पुन्हा तेच झालं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत हॅमच्या (परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांच्या) साध्या हँडसेटचा आवाज पोचवायला पन्हाळा किंवा जोतिबासारख्या उंचीवरचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज ऐकून तोच लगेच पुन्हा पाठवणारं केंद्र, लागतो. तो उभारायला फार मोठं बजेट लागतं असं नाही. सेटवर पैसे वाचवा आणि ते डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर), केबल आणि अँटेनावर घाला.

आधी परवानगी. स्वतःच्या हॅम परवान्यावर रिपीटर चालवता येत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रीक्वेन्सी वाटणाऱ्या) शाखेची वेगळी परवानगी लागते. फ्रीक्वेन्सी नक्की झाल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. आपला दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झ, आणि रिपीटर ज्यावर बोलतो त्याच्या 600 किलोहर्ट्झ खाली ऐकतो.

मग दोन सेट. एक ऐकायला, एक बोलायला. टॅक्सी कंपन्या, कारखाने यांनी काढून टाकलेले मोटोरोला जीएम300, जीएम338 यांसारखे गाडीतले सेट उत्तम. मागचं लेबल नीट वाचा: जीएम300 चा एक प्रकार 146 मेगाहर्ट्झच्या वरच चालतो, तो आपल्या कामाचा नाही. प्रोग्रॅमिंग केबल आणि सॉफ्टवेअर मिळतंय का तेही आधीच बघा. दोन स्वस्त चिनी हँडसेट जोडून रिपीटर करायच्या फंदात पडू नका, शेजारी ट्रान्समीटर सुरू झाला की त्यांचा रिसीव्हर बहिरा होतो.

गाडीतला सेट अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला असतो, रिपीटर मात्र तासन्‌तास बोलतो. म्हणून 45 वॉटचा सेट 15 वॉटवर उतरवा आणि हीटसिंकवर पंखा बसवा. ऐकणाऱ्याला जेमतेम 5 डेसिबल कमी मिळतात, एस-मीटरवर (सेटवरच्या सिग्नलच्या काट्यावर) एक घरसुद्धा नाही.

खरा खर्च डुप्लेक्सरचा. एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं, तेही फक्त 600 किलोहर्ट्झच्या फरकाने. ऑनलाइन मिळणारे हाताएवढे स्वस्त डुप्लेक्सर साधारण 5 मेगाहर्ट्झच्या फरकासाठी असतात, इथे ते निरुपयोगी. इथे मोठ्या कॅव्हिटीच (ठरावीक फ्रीक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या पोकळ नळ्या) लागतात, चार किंवा सहा. जुन्या मिळाल्या तर घ्याच. नाहीतर आपल्याकडे कारखान्यांचं उद्यमनगर आहे! कॅव्हिटीतला दांडा साधारण पाव तरंगलांबीचा, आणि 145 मेगाहर्ट्झला ती सुमारे 52 सेंटीमीटर भरते. जाड ॲल्युमिनियमची नळी, आत तांब्याचा दांडा, नीट चाललेला थ्रेड हे इथल्या चांगल्या टर्नरला अवघड नाही. ट्यूनिंग मात्र मोजमापाच्या उपकरणावरच करा. नॅनोव्हीएनए हे स्वस्त उपकरण पहिल्या जुळवणीला पुरतं, पण खोल नॉच (नको ती फ्रीक्वेन्सी दाबणारी खाच) मोजायला ते तोकडं पडतं. त्यासाठी चांगलं उपकरण कुणाकडून तरी तासभर मागून आणा.

केबल. 30 मीटर आरजी-58 वापरली तर 15 वॉटपैकी अँटेनापर्यंत चारच वॉट पोचतात. आरजी-213 मध्ये आठेक पोचतात. मोबाइल टॉवरवरून उतरवलेली अर्ध्या इंचाची फीडर केबल मिळाली तर बारा. एलएमआर-400 मध्ये तोटा कमी असला तरी रिपीटरला ती टाळा: तिच्या फॉइल आणि जाळीचे धातू वेगवेगळे असतात, आणि ट्रान्समीटर सुरू झाला की तिथून खरखर उठते. कनेक्टर एन-टाइपचेच घ्या. सेट आणि डुप्लेक्सर यांच्यामधले छोटे तुकडे दुहेरी जाळीच्या केबलचे असावेत.

कंट्रोलर साधा चालेल. सीटीसीएसएस टोन (आपलाच सिग्नल ओळखायचा बारीक सूर), टाइम-आउट टायमर (फार वेळ बोललं की बंद करणारा) आणि मोर्समधून कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) एवढं पुरे. वीज गेल्यावर 100 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी अर्धी वापरली तरी बेताच्या बोलण्यात जवळपास एक दिवस निघतो.

चढवण्याआधी चाचणी. जमिनीवर डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा आणि रिसीव्हरला जेमतेम ऐकू येईल इतका क्षीण सिग्नल द्या. आता ट्रान्समीटर सुरू करा. सिग्नल खरखरीत बुडाला तर डुप्लेक्सर पुन्हा जुळवा, नाही बुडाला तर अँटेना लावून हीच चाचणी परत घ्या. फीडरला लाइटनिंग अरेस्टर आणि टॉवरला स्वतंत्र अर्थिंग हे वळवाच्या पहिल्या गडगडाटाआधी झालेलं असावं, म्हणजे मार्च संपण्याच्या आत.