नगरपालिकेला पहिल्यांदा उभं राहताय? आधी मतदारयादी धरा

नगरसेवकपदाला उभं राहायचं ठरलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. चौकात वाढदिवसाचं बॅनर लाव, आणि मळ्यात भरिताची पार्टी दे. पहिला सल्ला देणाऱ्याचा बहुतेक फ्लेक्सचा धंदा असतो, दुसऱ्याला जेवायचं असतं. मी स्वतः लढले आहे आणि आता आमच्या भागातल्या नव्या उमेदवारांची कागदपत्रं बघते. अमळनेर असो, शहादा असो की भुसावळ, नवा माणूस अडकतो तो कागदात.

पात्रतेचं पटकन सांगते. वय 21 पूर्ण हवं. नाव त्याच शहराच्या यादीत हवं, प्रभाग कुठलाही चालतो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं नको. घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, शौचालयाचाही घ्या. पालिकेचा ठेका तुमच्या नावावर असेल तर वकिलाला विचारा. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र नसेल, तर पडताळणीला अर्ज केल्याची पावती तरी हातात ठेवा. बायांना आणखी एक ताप: दाखला माहेरच्या नावाचा, यादीत नाव सासरचं. विवाह नोंदणीचा कागद आधीच काढून ठेवा, छाननीच्या टेबलावर तो शोधत बसू नका.

आता मतदारयादी. पहिल्या वेळी याच कामाने माझी झोप उडवली होती.

पालिकेची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला धरतात आणि तीच प्रभागांप्रमाणे फोडतात. 2025 च्या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर ‘पोराचं नाव टाकून घेऊ’ म्हणणं फुकट आहे. नवीन नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, त्याच्या कितीतरी आधी गेलेला पाहिजे.

फोडताना घोळ होतो तो हद्दीवरच्या गल्ल्यांमध्ये. रस्त्याच्या या बाजूची घरं तुमच्या प्रभागात, त्या बाजूची शेजारच्या, आणि यादीत दोन्ही बाजू एकत्र. कधी नवरा इकडे, बायको तिकडे. यादी घेऊन आमच्या हद्दीवरच्या गल्लीत गेले, तर ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “माय वं, मी ते आठेच ऱ्हास, मन्हं नाव तठे कसं गयं?” त्यांच्या पुढची-मागची ओळीने अकरा घरं शेजारच्या प्रभागात गेली होती.

प्रारूप यादी लागली की हरकतींना मोजके दिवस मिळतात. या टप्प्यावर नवीन नाव घालत नाहीत, जुनं काढत नाहीत. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव मात्र परत आणता येतं. त्यासाठी प्रभागाचा नकाशा आणि चतुःसीमा आधी मिळवा. मग यादी हातात घेऊन हद्दीवरून पायी फिरा, मोटारसायकलवर नको. मधल्या गल्ल्या नंतर बघितल्या तरी चालतात. प्रत्येक नावापुढे अनुक्रमांक, घर नंबर आणि खरा प्रभाग लिहा, सोबत लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती लावा. ज्यांचं नाव हललंय त्यांच्याच सह्या घ्या. एकाच हाताच्या शंभर सह्यांचा गठ्ठा कोणी देत असेल तर घेऊ नका, एक खोटी निघाली की खऱ्याही संशयात येतात. आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. ‘ठेवून जा ताई, बघतो’ हे उत्तर मी ऐकलंय. तो कागद पुन्हा दिसला नाही.

एवढा आटापिटा का? तुमचा सूचक, म्हणजे उमेदवारी अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. अपक्षाला तर एकावर भागत नाही. सूचकाचं नाव पलीकडे गेलं असेल, तर विरोधक छाननीत नेमका तोच मुद्दा काढणार आणि अर्ज बाद. सूचक अंतिम यादीवरूनच निवडा, दोन-तीन जास्तीचे ठेवा. जिवलग मित्र आहे म्हणून त्याला सूचक करू नका.

यादीत काही नावांपुढे दोन तारे दिसतात, ते संभाव्य दुबार, म्हणजे ज्यांचं नाव दोन ठिकाणी असावं असा संशय आहे ते. आपल्याकडे त्यातले बरेच जण सुरतेला, उधना-लिंबायतकडे कामाला असतात. घरच्यांना आधीच विचारून ठेवा, मतदान कुठे करणार आणि येणार का. त्यांच्या गाडीभाड्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

बाकी सोपं आहे. अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसासाठी राखू नका. पक्षाचे असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने तुम्हाला अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, वेळेत पोचतोय का ते स्वतः बघा, ‘निघालाय’ या शब्दावर विसंबू नका.

प्रचाराला उमेदवाराने स्वतः फिरायचं. राखीव जागेवरची ताई घरात आणि भाऊ दारोदार हात जोडतोय, हे बायकांना आवडत नाही, त्या तोंडावर बोलत नाहीत एवढंच. प्रभागात बहुधा दोन जागा असतात, वर थेट नगराध्यक्षाचं मत वेगळं. अपक्ष असाल तर तुमचं बटण कुठल्या जागेखाली आहे, हे नमुना मतपत्रिका दाखवून समजावावं लागतं.

खर्चाला वेगळं बँक खातं उघडा आणि रोजचा हिशोब रोज लिहा. 2025 मध्ये नगरसेवकपदाच्या उमेदवाराला अ वर्गाच्या पालिकेत 5 लाख, ब वर्गात साडेतीन आणि क वर्गात अडीच लाखांची मर्यादा होती. मंडप, रिक्षा, चहा सगळं त्यात धरतात. भरिताच्या पार्टीचा कोणी व्हिडिओ काढला तर वांगी कोणाच्या मळ्यातली हे विचारत नाहीत. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यायचा असतो, हरलात तरी. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात, त्यामुळे पावत्यांची फाइल मतमोजणीच्या गडबडीत कोणाच्या हाती देऊ नका.